पाचव्या ‘का’चं उत्तर

कारखान्यातल्या नर्सला काम तरी काय असतं, असं आमच्या निगडी प्राधिकरणातल्या बायका मला अजून विचारतात. संध्याकाळी बाकावर गप्पा मारत बसलं की हा प्रश्न येतोच. हॉस्पिटलातली नर्स सगळ्यांना कळते. कंपनीतली नर्स म्हणजे त्यांना पगारी आराम वाटतो. मी सांगते, “बोट कापलं तर पट्टी बांधायची, डोकं दुखलं तर गोळी द्यायची, आणि माणूस उभा राहू शकतोय असं दिसलं की त्याला परत लाइनवर धाडायचं.” बायका हसतात. मी विनोद केलेला नसतो.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला ‘नोकरीतल्या गमतीजमती’ लिहा म्हणून सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत. त्यांतली एक सांगते. ती गंमत आहे की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माणूस सस्तन प्राणी आहे, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. गाय, देवमासा, वटवाघूळ यांच्या रांगेत आपलंही चित्र असायचं. आमच्या बाई तो धडा भराभर वाचून पुढे सरकायच्या, कारण मागच्या बाकांवर मुलं खिदळायला लागायची. परीक्षेला लक्षणं विचारायचे : अंगावर केस, उष्ण रक्त, घाम येणारी कातडी, आणि पिल्लांना आईचं दूध. मी ती पाठ करून मार्क मिळवले आणि विसरून गेले. पुढे नोकरीत हीच लक्षणं एकेक करून तक्रार म्हणून माझ्या टेबलासमोर उभी राहतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मीही खिदळलेच असते.

पहिल्यांदा घाम आला. भोसरीच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात मी नवीन लागले होते. तिथे रामभाऊ नावाचे तपासनीस होते, भोसरी गावातलेच. घासून आरशासारखी झालेली पोलादी कडी हातात फिरवायची आणि नुसत्या बोटांनी चूक ओळखायची, हे त्यांचं काम. काम चोख होतं. पण त्यांनी हाताळलेल्या कड्यांवर काही दिवसांनी गंज चढायचा, आणि तोही त्यांच्या बोटांच्या ठशांच्या आकाराचा. काही लोकांचा घाम असा असतो, लोखंडाला सोसत नाही. साहेबांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, सोबत निरोप : ह्यांचा घाम बंद करा. मी पावडरी दिल्या, मलमं दिली. हातमोजे घालून बघितले, तर बोटांना चूक कळेना. रामभाऊ वैतागले. “आवो सिस्टर, म्या काय मुद्दाम घामेजतोय व्हय? मानसाला घाम यायचाच की!” शेवटी त्यांना गेटवर बसवलं, गाड्यांसाठी आडवा दांडा वर-खाली करायला. त्या दांड्याला पिवळा रंग होता, त्यामुळे गंजायची भीती नव्हती.

नंतर केस आले. तोवर मी चाकणच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या कंपनीत आले होते आणि माझ्या खोलीच्या दारावर ‘ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर’ अशी पाटी होती. खोलीत खाट तीच, पट्ट्या त्याच. ही कंपनी गाड्यांचे हार्नेस बनवायची. गाडीत जेवढ्या म्हणून तारा असतात, दिव्यांच्या, हॉर्नच्या, काचा वर-खाली करायच्या, त्या सगळ्यांची मिळून एक लांबलचक जुडी असते. तिला हार्नेस म्हणतात. उतरत्या फळीवर ती जुडी मांडलेली असते, अशा फळ्या एकामागून एक हळूहळू सरकत असतात, आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका तारांची टोकं प्लास्टिकच्या छोट्या छोट्या कनेक्टरमध्ये खोचत जातात. ह्या कामाला बहुतेक बायकाच घेतात. त्यांची बोटं बारीक असतात, असं सांगतात. त्या उलट बोलत नाहीत, हे सांगत नाहीत.

तर एकदा परदेशी धाडलेल्या मालात एका कनेक्टरमध्ये लांब केस निघाला आणि आमच्याकडे जणू मयत झाल्यासारखं वातावरण पसरलं. त्या दिवसापासून डोक्याला जाळी आणि जाळीवर टोपी. उन्हाळ्यात बायकांच्या डोक्याला पुरळ उठायचं, ते मी बघायचं. एकूण काय, मला हळूहळू कळत गेलं की कंपनीचं भांडण आमच्यापैकी कुणा एकीशी नव्हतं. ते आमच्या वर्गीकरणाशीच होतं.

आता सुवर्णाचं सांगते. खरं म्हणजे तिचंच सांगायचंय.

सुवर्णा परभणीकडची. नवरा इथे पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटावर, चिखलीत एक खोली, गावाहून आणलेली सासू, आणि मुलगी आरोही. आरोही वेळेआधी जन्मलेली, हातात घेतली तर मांजराच्या पिल्लाएवढी होती म्हणे. ती काही महिन्यांची होते न होते तोच नवऱ्याच्या शॉपमधली ऑर्डर गेली आणि त्याची एक शिफ्ट कमी झाली. म्हणून सुवर्णा कंत्राटदाराकडून आमच्या लाइनवर आली. घरात लहान मूल आहे हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कंत्राटदारानेही विचारलं नव्हतं. विचारलं की मग माहीत असल्यासारखं होतं.

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती तापाने फणफणलेली. गोळी द्या म्हणाली. मी पडदा ओढून तपासलं, तर दोन्ही बाजू दगडासारख्या घट्ट, लालबुंद, हात लावला तर कळवळली.

“कधीपासून पाजलं नाहीस?”

“पहाटं पाजून निघते की वो सिस्टर. मग बसमदी, मग लाइनवर. घरी जाईस्तोर अंधार पडायलाय.”

“मग मधे काढत नाहीस?”

“काढते ना. संडासात जाते, बेसिनमदी पिळून टाकते. पण तितक्यात लाइनवाली हाका मारायलीय, माझ्या जागी उभं राहायला कुणी न्हाई म्हनून.” आणि मग खाली बघून म्हणाली, “तिकडं लेकराला वरचं दूध पचंना. डबा पाजला की हगवण. आन् हितं मी बेसिनमदी वतायले.”

ह्या वाक्यावर मला राग आला, आणि नोकरीत राग आला की मी कामाला लागते. बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून सांगते : छातीत दूध साचून राहिलं की शरीर समजतं, गिऱ्हाईक गेलं. मग ते हळूहळू बनवायचंच बंद करतं. बंद होईपर्यंत मात्र दुखवतं, ताप आणतं, गाठी करतं. आणि पान्हा काही आईच्या हुकमाने येत नाही. बाळाची आठवण आली, कुठे दुसऱ्याचं मूल रडलं, नुसता तसला आवाज कानावर पडला तरी दूध आपोआप वाहू लागतं. त्यावर बाईचा ताबा नसतो, आणि सुपरवायझरचा तर नसतोच.

मी तिला पडद्याआड जागा दिली, स्टीलचं भांडं उकळून दिलं, दूध कसं काढायचं ते दाखवलं. काढलेलं दूध बाटलीत भरून धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या फ्रिजमध्ये ठेवू लागलो. घरी जाताना ती बाटली बर्फासोबत डब्याच्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी सासू ते दूध वाटी-चमच्याने आरोहीला पाजायची. असं चाललं, आणि पोरीने बाळसं धरलं. सुवर्णा फोनमध्ये फोटो दाखवायची. मनगटाला वळी पडली होती. “सिस्टर, बगा, बांगडी रुतायलीय तिला!” असं म्हणताना तिचा चेहरा मी पाहिलाय. सगळ्या नोकरीत मला जे थोडंफार समाधान मिळालं, त्यात ही एक वळी आहे.

मग ऑडिट आलं. ऑडिट म्हणजे गाड्या बनवणाऱ्या बड्या कंपनीची माणसं येऊन आमचं कपाट न् कपाट उघडून बघतात. त्यांनी फ्रिज उघडला. “औषधांच्या फ्रिजमध्ये अन्नपदार्थ,” असा शेरा पडला. मी म्हटलं, हा अन्नपदार्थ नाही. ते म्हणाले, मग औषध आहे का? औषध असेल तर लेबल कुठे, मुदत कुठे? फ्रिजला कुलूप लागलं, त्याची किल्ली स्टोअरच्या माणसाकडे गेली, आणि सुवर्णाची बाटली बंद झाली. जेवणाच्या सुटीत ती धावत यायची, काढायची आणि माझ्याच बेसिनमध्ये ओतायची. ओतताना भिंतीकडे बघायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीत ते प्रकरण उभं राहिलं.

गाडीच्या कंपनीकडून तक्रार आली : तुमच्या काही कनेक्टरना चिकट डाग आहेत, आंबूस वास येतो, आत हिरवट गंज धरतोय. आमच्या क्वालिटी विभागाची झोप उडाली. तिथे निखिल नावाचा तरुण इंजिनियर होता, पिंपळे सौदागरला राहणारा, हुशार आणि मनाने चांगला. त्याच्या गळ्यात हे काम पडलं. प्रयोगशाळेने सांगितलं, डाग दुधाचा आहे. झालं! संशय कँटीनवर गेला. चहाची गाडी लाइनजवळ यायची बंद झाली. जेवणातलं ताक बंद झालं. कँटीनवाला माझ्याकडे रक्तदाब तपासायला यायचा, तो चिडून म्हणाला, “सिस्टर, माझ्या चहात दूध असतं असं सिद्ध करून दाखवा, मी कंत्राट सोडतो.” ताक बंद झालं तरी डाग यायचे ते येतच राहिले.

निखिलने मग एक गोष्ट शोधून काढली, आणि त्या शोधाबद्दल मी त्याला आजही मानते. डाग पडलेले सगळे कनेक्टर एकाच लाइनवरचे होते, एकाच जागेवरचे, आणि लाइन मधे थांबली होती त्याच वेळचे. लाइन थांबली आणि डाग, ह्यांचा संबंध काय, हे मात्र त्याला कळेना. मला त्याने सहज सांगितलं, आणि मला त्या लाइनचा सूर आठवला. प्रत्येक लाइन थांबली की तिचा ठरलेला सूर वाजतो, म्हणजे कुठली लाइन थांबली ते लांबूनच कळावं. त्या लाइनचा सूर होता टिंग टिंग टिंग, पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यासारखा. कुठल्या तरी इंजिनियरने कानाला गोड वाटला म्हणून निवडलेला.

मी त्याला काही सांगायच्या आत क्वालिटीवाल्यांनी त्या जागेवरच्या बाईची, म्हणजे सुवर्णाची, झडती घ्यायचं ठरवलं होतं. कँटीनमधून दूध चोरून आणते, लाइनवर पिते, असा संशय. बाईची झडती म्हणून साक्षीला मला बोलावलं. सिक्युरिटीच्या बाईने तिचे खिसे उलटे केले, डबा उघडला. काही नाही. क्वालिटीचे साहेब दाराबाहेर उभे होते, तिथूनच ओरडले, “मग दूध येतं कुठून?”

सुवर्णा दारात गेली. निळ्या कोटावर पुढच्या बाजूला दोन ओले डाग होते. तिने ते हाताने झाकले नाहीत.

“माझं हाय ते,” ती म्हणाली. “लेकराचं हाय.”

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते मोबाइलकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. आता आमच्या कारखान्यांतली एक रीत सांगायला हवी. काहीही बिघडलं की ‘का’ असं पाच वेळा विचारायचं. पहिल्या ‘का’चं उत्तर मिळालं की त्या उत्तरावर दुसरा ‘का’, असं करत पाचव्या उत्तराला मूळ कारण सापडतं, असा समज आहे. पांढऱ्या फळ्यावर पाच चौकटी काढतात. एकही चौकट रिकामी ठेवायची नाही. आणि एक नियम फार मोठेपणाने सांगतात : ह्या पद्धतीत कुणा माणसाला दोष द्यायचा नाही.

मीटिंगला क्वालिटीचे साहेब, एचआरच्या मॅडम, निखिल आणि मी. सुवर्णाला बोलावलं नव्हतं. निखिलने मार्कर घेतला. डाग का? दूध लागलं. दूध का लागलं? फळीवर वाकताना ओला कोट कनेक्टरला घासला. कोट ओला का झाला? इथे तो अडला, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पान्हा फुटला. त्याला शब्द माहीत होता, फळ्यावर लिहायचा संकोच वाटत होता, तरी लिहिला. पान्हा का फुटला? ऑपरेटर बाळाला अंगावर पाजते म्हणून. चार चौकटी भरल्या. पाचवी उरली.

“सिस्टर,” निखिल म्हणाला, “अंगावर का पाजते?”

मला वाटलं हा थट्टा करतोय. पण तो खरंच विचारत होता, त्याला चौकट भरायची होती.

“कारण माणूस सस्तन प्राणी आहे,” मी म्हटलं.

मग मला राहवलं नाही. मी सगळंच सांगितलं. म्हटलं, आपल्या अंगावर केस आहेत, त्यावर तुम्ही टोपी घातलीत. आपल्याला घाम येतो, त्यावर हातमोजे घातलेत. आपल्या कानाच्या आत तीन बारीक हाडं असतात, ती फक्त सस्तन प्राण्यांनाच असतात, त्यांवर तुमचे भोंगे दिवसभर आदळतात. आणि आपल्या माद्यांना दूध येतं. दुधाच्या ग्रंथी ह्या घामाच्या ग्रंथींच्या नात्यातल्याच आहेत, असं आम्हाला शिकवलं होतं. ह्या वर्गाला केसांवरून नाव ठेवता आलं असतं, कानातल्या हाडांवरूनही ठेवता आलं असतं. पण नाव ठेवणाऱ्याने दूध निवडलं, कारण ते नसतं तर ह्या खोलीत बसायला आपल्यापैकी कुणीच उरलं नसतं. साहेब, तुम्हीसुद्धा.

मला वाटलं होतं, ह्यावर कुणाची तरी मान खाली जाईल. कुणाची गेली नाही. निखिलने पाचव्या चौकटीत लिहिलं : माणूस सस्तन प्राणी आहे. अक्षर सुरेख होतं त्याचं.

“रूट कॉज करेक्ट आहे,” साहेब म्हणाले. “पण आपल्या कंट्रोलमध्ये नाही.”

“मग सर?”

“मग एक स्टेप मागे या. चौथ्यावर ॲक्शन घ्या.”

चौथ्या चौकटीत काय होतं? ऑपरेटर बाळाला अंगावर पाजते.

मी भांडले. म्हटलं, तिसऱ्यावर घ्या. तिला दिवसातून दोनदा सुटी द्या, कायद्यातच आहे, बाळ सव्वा वर्षाचं होईपर्यंत. तेवढ्या वेळात दूध काढलं तर कोट ओला होणारच नाही. साहेब म्हणाले, तिच्या जागी उभं कोण राहणार? मी म्हटलं, मग तिला पॅकिंगला टाका. ते म्हणाले, एकीला टाकलं की सगळ्या येतील. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, ती आपली एम्प्लॉयीच नाही, कंत्राटदाराची आहे. मीटिंग संपल्यावर त्याच मॅडम मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, “सिस्टर, मला वाईट वाटत नाही असं समजू नका हं. माझाही मुलगा दोन वर्षांचा आहे. पण मी पॉलिसी बदलू शकत नाही ना.” मुलाच्या वेळी त्यांना भरपगारी रजा होती, नंतर घरून काम होतं. दूध काढायचं परदेशी मशीन होतं, ते किती छान आहे हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

कंपनीने काहीच केलं नाही असं म्हणून मी पाप करणार नाही. तिने तीन गोष्टी केल्या. लाइन थांबल्याचा सूर बदलला. टिंग टिंगच्या जागी रुग्णवाहिकेसारखा भोंगा बसवला, आणि त्या सुधारणेबद्दल निखिलला टाळ्यांच्या गजरात बक्षीस मिळालं. माझ्या खोलीशेजारी बसस्थानकावर असते तशी ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी लावून एक खोली केली. गुलाबी भिंत, सोफा, फीत कापणं, फोटो, सगळं झालं. गडाचा दरवाजा बंद झाला म्हणून रात्रीचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या बाईचं नाव दारावर, आणि दाराची किल्ली सिक्युरिटीकडे. आणि तिसरी गोष्ट : कंत्राटदारांना तोंडी कळवलं, की लाइनवर पाजणारी बाई नको. असेल तर तिने ठरवावं.

काय ठरवावं, ते कुणी बोललं नाही. सुवर्णाला न बोलता कळलं.

ती माझ्याकडे आली आणि खाटेवर बसली. “सिस्टर, दूध आटायची गोळी असती म्हनं.”

“कुणी सांगितलं?”

“बाया सांगायल्या. लाइनवरच्या कितीतरी जणींनी घेतलीय.”

मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांचे ताप आणि रक्तदाब बघत बसले होते, आणि हे माझ्या नाकाखालून गेलं होतं.

“तुझ्या पोरीला वरचं दूध पचत नाही,” मी म्हटलं. “तूच सांगितलंस ना? अजून थोडे महिने काढ. ती खायला लागू दे नीट. काम काय, दुसरीकडे मिळेल.”

“दुसरीकडं बी हेच हाय सिस्टर. भोसरीला जाऊन आले मी. पाजायलीस का, असं पैलंच विचारतेत.” ती शांतपणे बोलत होती. मला वाटतं ती घरी रडून आली होती. “आमच्या मालकाचं प्रेसमधलं काम आता पुरतंच बंद झालंय. मी बी बसले तर पोरीला दूध तरी काय खाऊन येनार मला?”

मी तिला म्हटलं, मी गोळी देणार नाही. ती म्हणाली, तुमी नका देऊ, डॉक्टर देतील. आठवड्यातून ठरलेल्या वारी कंपनीत येणारे डॉक्टर म्हातारे आणि सज्जन होते. त्यांनी चष्मा पुसला, मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर, पेशंट स्वतःहून मागतेय. तिला नाही म्हणायचा मला अधिकार काय?” गोळी लिहून दिली. ती घेताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतरचे काही दिवस ती छाती ओढणीने घट्ट बांधून कामाला यायची. चक्कर आली की खाटेवर पडायची. एकदा बाहेर कुणाच्या तरी मोबाइलवर लहान मुलाच्या हसण्याचा आवाज वाजला. ती दचकून कोट चाचपू लागली, आणि कोट कोरडा होता. बराच वेळ ती तो कोरडा कोट चाचपत राहिली. मी पडद्याबाहेर उभी होते. आत जावं असं फार वाटलं, पण जाऊन सांगणार काय होते?

आरोहीला डब्याचं दूध सोसलं नाहीच. हगवण, सलाइन, दवाखाना सगळं झालं. जगली, देवाची कृपा म्हणा. पण सासू म्हणाली, आता हितं ठिवून काय करायचं, आईचं दूध न्हाई नि आई बी दिसत न्हाई. ती पोरीला घेऊन गावी गेली. तिथे शेळीचं दूध तिला सोसलं, असं सुवर्णानेच सांगितलं. म्हणजे शेवटी त्या लेकराला एका सस्तन प्राण्याने पाजलंच. तो प्राणी कुठल्या लाइनवर कामाला नव्हता एवढंच.

डाग बंद झाले. गाडीच्या कंपनीचं शाबासकीचं प्रमाणपत्र आलं, ते रिसेप्शनमध्ये लावलं. सुवर्णा तर लाइनवरची सगळ्यांत पक्की कामगार ठरली. ना सुटी, ना उशीर, ना माझ्याकडे खेपा. दिवाळीला गावी जाऊन आली, तेव्हा कशी आहे पोरगी म्हणून मी विचारलं. “चांगली हाय. चालायलीय. आजीलाच आई म्हनतीय,” असं म्हणून ती कामावर गेली. थोड्या काळाने तिला लाइन लीडर केलं. आता बाकीच्या बायकांना हाका मारायचं काम तिच्याकडे आलं.

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची ही गोष्ट. एका दुपारी सुवर्णा एका नव्या मुलीला घेऊन माझ्या खोलीत आली. जालन्याकडची पूजा, विशीतली, अजून टोपीही नीट घालता येत नव्हती. कोटावर पुढे ओल होती. ती ओल ओळखायला मला जवळ जावं लागलं नाही.

“सिस्टर, डॉक्टर आले की हिला ती गोळी घेऊन द्या,” सुवर्णा म्हणाली. आवाजात राग नव्हता, हुकूम नव्हता. धाकट्या बहिणीला दवाखान्यात आणावं तशी तिने तिला आणली होती.

मी पूजाला विचारलं, बाळ केवढं आहे. चार महिन्यांचं, ती म्हणाली. मी उठले. म्हटलं, शेजारी खोली आहे, किल्ली मी मागून आणते, साहेबांशी मी बोलते, माझं आता कोण काय वाकडं करणार आहे?

“राहू द्या सिस्टर,” सुवर्णा म्हणाली. “तुमी चार दिसांनी जानार. हिला हितंच राहायचंय.”

पूजा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने मला नाही, सुवर्णाला विचारलं, “ताई, लई दुखतं का वो?”

सुवर्णाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“थोडे दिस दुखतंय,” ती म्हणाली. “मग काईच वाटत न्हाई.”